उड्डाणपूल हवा, टँकर हवा. पण अडचण नेमकी काय आहे?

पुण्यात कुठल्याही मोहल्ला कमिटीच्या बैठकीत लोक काय मागतात ते एकदा कान देऊन ऐकावं. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर टाका. चौकात सिग्नल बसवा. टँकरच्या फेऱ्या वाढवा. ओढ्याला भिंत बांधा. उड्डाणपूल कधी करताय ते सांगा. मागणाऱ्यांचा त्रास अगदी खरा असतो. सिंहगड रस्त्यावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्याला किंवा मे महिन्यात वाघोलीत रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बाईला तो कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण वरची यादी पुन्हा वाचा. तिच्यात एकही अडचण सांगितलेली नाही, सगळे उपाय आहेत. अडचण कोणती हे कुणी बोललंच नाही, थेट औषधाचं नाव घेतलं. मग पुढची सगळी चर्चा औषध कधी मिळणार, किती मिळणार, कोणाच्या प्रभागाला आधी मिळणार, यावरच होते. पैसे खर्च होतात, वर्षं जातात आणि त्रास थोडा सरकून शेजारच्या चौकात जाऊन बसतो. या शहरात हे इतक्या वेळा झालंय की त्याबद्दल शांतपणे, सुरुवातीपासून बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उपाय कोणता आणि अडचण कोणती, हे ओळखायचं कसं?

यासाठी एक साधी कसोटी आहे. एखाद्या वाक्याला एकच उत्तर शक्य असेल, तर त्या वाक्यात उपाय दडलेला आहे असं समजावं. ‘आम्हाला टँकर हवा’ याला टँकर सोडून दुसरं उत्तर काय देणार? ‘सकाळी साडेसातनंतर वरच्या तीन मजल्यांवर पाणी चढत नाही’ या वाक्याला मात्र चार-पाच उत्तरं निघू शकतात. पंप बिघडला असेल, पाइप गंजून आतून अरुंद झाला असेल, टाकी लहान असेल, खालच्या मजल्यांवर एकाच वेळी सगळे नळ सुटत असतील, किंवा खरोखरच पाणी कमी येत असेल. आता शोधायला जागा मिळाली.

अशा वाक्याला व्यवस्थापनाच्या भाषेत समस्येची मांडणी म्हणतात. सध्या काय घडतंय, त्याऐवजी काय घडायला हवं, दोन्हींत फरक किती, आणि तो कोणाला, कुठे, किती वाजता जाणवतो, एवढंच तिच्यात यावं. कारणाचा अंदाज आणि उपाय नंतरच्या कागदावर लिहावेत. लिहायला बसलं की कळतं, हे वाटतं तितकं सोपं नाही. हात आपोआप ‘म्हणून आम्हाला अमुक द्यावं’ याकडे वळतो.

पंक्चर काढणारा आधी काय करतो?

पंक्चरच्या दुकानात हे काम रोज होताना दिसतं. कारागीर ट्यूब बाहेर काढतो, तिच्यात हवा भरतो आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवतो. बुडबुडे दिसले की तिथे खूण करतो. ठिगळ लावायला त्यानंतर फारसा वेळ लागत नाही. पण चांगला कारागीर ठिगळ लावूनही थांबत नाही. टायरच्या आतून बोटं फिरवून खिळा किंवा काच अजून रुतलेली आहे का, ते बघतो. ती राहिली तर कोपऱ्यावर पुन्हा पंक्चर ठरलेलं. कधी कधी बुडबुडे व्हॉल्व्हपाशी येतात. तेव्हा ट्यूब धडधाकट असते आणि ठिगळाची गरजच नसते.

गिऱ्हाईक मात्र दुकानात शिरताना ‘पंक्चर काढून द्या’ असंच म्हणालेलं असतं. त्याच्या शब्दावर विसंबून कारागिराने दिसेल तिथे ठिगळ चिकटवलं असतं, तर आपण त्याला अडाणी म्हटलं असतं.

एक सोसायटी आणि तिचे तीन टँकर

आता पाण्याकडे येऊ. धायरीतली १२० फ्लॅटची एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. घरटी चार माणसं धरली तर ४८० जण. महापालिकेचं पाणी रोज ६० हजार लिटर येतं असं धरू. त्यावर दहा हजार लिटरचे तीन टँकर येतात, तरी संध्याकाळी टाकी तळाला जाते. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, दोन तास वाद होतो तो टँकरवाला बदलायचा की चौथा टँकर लावायचा यावर. तळमजल्यावरचे काका म्हणतात, बी विंगवाले गाड्या धुतात. बी विंगवाले म्हणतात, ए विंगची टाकी आधी भरते.

इथे थांबून बेरीज करू. ६० हजार आणि ३० हजार मिळून ९० हजार लिटर. त्याला ४८० ने भागलं की माणशी १८७ लिटर होतात. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत भुयारी गटारं असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पुरेसे धरले आहेत. त्या हिशेबाने या सोसायटीला ६४,८०० लिटर लागतात, आणि आत येतंय त्याहून २५ हजार लिटर जास्त. म्हणजे ‘पाणी कमी येतं’ ही मांडणी चुकली. पाणी येतं आणि कुठेतरी जातं, असं म्हणायला हवं.

कुठे जातं ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. रात्री एक वाजता पंप बंद करायचा, गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करायची आणि पहाटे चारला पुन्हा बघायचं. या तीन तासांत जवळपास कुणीच पाणी वापरत नाही. पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात याला रात्रीचा किमान प्रवाह म्हणतात, आणि जगभरात शहरांतली गळती मोजायला हीच रीत वापरतात. समजा टाकीचा तळ चार मीटर बाय तीन मीटर आहे आणि पातळी दहा सेंटीमीटरने उतरली. म्हणजे १,२०० लिटर गेले. तासाला ४०० लिटर, दिवसाला ९,६०० लिटर. सोसायटी ज्याचे पैसे मोजते त्यातला जवळजवळ एक अख्खा टँकर रात्रंदिवस वाहून जातोय, आणि तो कुणाच्याही घरी वापरला जात नाही.

मग घराघरांत जायचं. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि वीस मिनिटं फ्लश वापरायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. ही गळती इतकी मूक असते की घरच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही. एक लिटरची बाटली चार मिनिटांत भरेल एवढी बारीक धार असली तरी दिवसाला ३६० लिटर होतात. अशी वीस घरं निघाली की ७,२०० लिटर झाले. बाकीचं पाणी अंडरग्राउंड टाकीच्या बिघडलेल्या बॉलकॉकमधून, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या झडपेतून, रात्री ओसंडून थेट गटारात जात असतं. वॉचमनला विचारलं तर तो सांगतो, ‘हो साहेब, रोजच वाहतं.’ त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

आता एजीएममध्ये बोलायला वेगळा विषय आहे. प्लंबरचे दोन दिवस, रबरी वायसर, एक बॉलकॉक. तरीही टँकर पूर्ण बंद होतील असं नाही. कदाचित एक लागेलच. पण तो कशासाठी लागतो हे आता माहीत असेल.

शहराच्या पातळीवर हेच मोठ्या आकड्यांत घडतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. धरणं भरल्याची बातमी पावसाळ्यात येते, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं जातं, आणि त्याच दिवसांत उपनगरांतल्या काही रस्त्यांवर टँकर फिरत असतात. धरणात साठा नसणं ही एक अडचण आहे. साठा असून वाटप असमान असणं ही दुसरी, आणि वाटेत गळणं ही तिसरी. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत नव्या टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि मीटर आहेत, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीसाठी. ‘पुण्याला पाण्याचा कोटा वाढवून द्या’ ही मागणी फक्त पहिलीला लागू पडते. तिन्हींना ‘पाणीप्रश्न’ या एकाच नावाने हाक मारली की कोणत्या उपायाने काय सुटलं आणि काय राहिलं, हे कधीच कळत नाही.

अडचण कोणाची, हेही लिहावं लागतं

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला, हे बहुतेकांना आठवत असेल. नवा प्रकल्प १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला. गाड्यांच्या दृष्टीने फरक पडला, हे मान्य करायला हवं. मुंबई-बंगळूर महामार्ग, मुळशी, बावधन, कोथरूड यांच्या वाहनांना वेगळ्या वाटा मिळाल्या. पण त्याच चौकात मुंबईकडे जाणाऱ्या बसची वाट बघणारे लोक असतात, पलीकडच्या वस्तीतून कामाला येणारे असतात. पायी माणसाने हा विस्तार ओलांडायचा कुठून, हा प्रश्न उद्घाटनानंतर बातम्यांत आला आणि पादचारी पुलाची मागणी पुढे आली.

इथे मूळ मांडणी ‘चांदणी चौकात वाहनं अडकतात’ अशी होती. ती खोटी नव्हती, अपुरी होती. ‘चांदणी चौकातून माणसांना इकडून तिकडे जाता येत नाही’ असं लिहिलं असतं, तर पायी चालणारा पहिल्या नकाशापासून त्यात असता. एका शब्दाच्या फरकाने कोण मोजलं जातं आणि कोण राहून जातं, हे ठरतं. आणि राहून जाणारा बहुतेक वेळा बैठकीला नसतोच, कारण त्या वेळी तो कामावर असतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा एकाच घटनेत दोन वेगळ्या अडचणी होत्या. रुग्णालयांची अडचण होती अशी: दाखल रुग्णाचा श्वास टिकवायचा, इंजेक्शनं वेळेत मिळवायची. आरोग्य यंत्रणेची वेगळी होती: हे एवढे रुग्ण इथेच आणि आताच का? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात रुग्ण एकवटलेले दिसले आणि लक्ष पाण्याच्या स्रोतांकडे वळलं. इंजेक्शनांचा साठा कितीही वाढवला असता तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं नसतं, आणि पाणी तपासून दाखल रुग्णाला आराम पडला नसता. दोन्ही कामं हवीच होती. एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवलं की घोळ होतो.

मग उड्डाणपुलाने कोंडी का सुटत नाही?

विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकले. जुलै २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, ते पाडले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि दुमजली पूल यांच्यात ते बसत नव्हते. पाडायच्या आधीही गणेशखिंड रस्त्यावर कोंडी होतीच, हे तिथून रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

रस्ता वाढवला की गर्दी पुन्हा का भरते, याला शास्त्रात प्रेरित मागणी असं नाव आहे. रस्ता मोकळा झाला की पूर्वी बसने जाणारा गाडी काढतो, सकाळी सहाला निघणारा नऊला निघतो, लांब घर घेतलं तरी चालेल असं इतरांना वाटू लागतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच गर्दीच्या वेळेबद्दल हे लिहून ठेवलं होतं. २०११ मध्ये जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या महानगरांचे आकडे तपासून दाखवलं की महामार्गाची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात त्यावरचा वाहनप्रवासही वाढतो.

याचा अर्थ कुठेच पूल बांधू नये असा मी घेत नाही. रेल्वे फाटकावरचा पूल वेगळी अडचण सोडवतो आणि चांगली सोडवतो. पण ‘हिंजवडीत काम करणाऱ्याला कात्रजहून एका तासात पोचता यावं’ ही मांडणी आणि ‘विद्यापीठ चौकात गाड्या थांबू नयेत’ ही मांडणी, या दोन वेगळ्या दिशांना जातात. पहिलीत बस, मेट्रो, कामाच्या वेळा आणि कामाजवळची परवडणारी घरं हे सगळं येतं. दुसरीत फक्त सिमेंट येतं. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, सुरू झाली, तेव्हा पहिली मांडणी कागदावर होती. पुढे वाद बहुतेक ‘गाड्यांची लेन गेली’ यावरच झाला, आणि बसमधला माणूस किती वेळात पोचतो हे मोजणं मागे पडलं.

‘घराला आग लागलीय आणि तुम्ही मांडणी करत बसा म्हणता!’

हा आक्षेप रास्त आहे. आग लागली तर पाणीच मारायचं. रुग्णाला आधी वाचवायचं, टाकी कोरडी असेल तर आज टँकर मागवायचाच. पण तात्पुरता उपाय करताना त्याला तात्पुरता म्हणायची हिंमत हवी, आणि मूळ प्रश्न उघडा ठेवायला हवा. दहा वर्षं रोज येणारा टँकर कुठल्या आगीवर येतोय?

शिवाय नीट मांडणीला फार वेळ लागतो हा समज आहे. मानवी शक्तीवर उडणाऱ्या विमानाची गोष्ट मला याबाबतीत फार शिकवणारी वाटते. हेन्री क्रेमर या ब्रिटिश उद्योजकाने १९५९ मध्ये अशा विमानासाठी बक्षीस लावलं. अर्ध्या मैलाच्या अंतरावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकारात उडून दाखवायचं होतं. अनेक गटांनी देखणी, काटेकोर विमानं बांधली. एक आपटलं की दुरुस्तीत महिने जात. पॉल मॅक्रेडी यांनी निराळा प्रश्न घेतला: असं विमान कसं बनवता येईल, जे आपटल्यावर झटपट दुरुस्त करून पुन्हा उडवता येईल? अॅल्युमिनियमच्या नळ्या, प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, तारा आणि चिकटपट्टी. २३ ऑगस्ट १९७७ ला त्यांच्या ‘गॉसमर काँडोर’ने ५० हजार पौंडांचं ते बक्षीस जिंकलं. प्रश्न बदलल्यामुळे त्यांचा वेळ वाचला.

‘का, का विचारत गेलं तर शेवट कुठे?’

चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात काम केलेल्यांना ‘व्हाय-व्हाय’ची शीट माहीत असेल. टोयोटामधून आलेली ही रीत आहे. तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण असं: यंत्र थांबलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण नव्हतं. वंगण नव्हतं, कारण त्याचा पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून काम भागवलं असतं, तर यंत्र पुन्हा थांबलं असतं.

पण शहराच्या प्रश्नात हेच करताना आपण पाचव्या ‘का’ला ‘लोकसंख्या वाढली’, ‘सगळे भ्रष्ट आहेत’ किंवा ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ इथे पोचतो. ही उत्तरं सपशेल खोटी नसतील, पण त्यांच्यापुढे कुणालाच काही करता येत नाही, म्हणून ती आरामाची असतात. तिथे पोचलात तर एक-दोन पायऱ्या मागे या. जिथे तुमचा, सोसायटीचा किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्याचा हात पोचतो, ती पायरी धरा. ओनोंचा शेवटचा ‘का’ गाळणीपाशी थांबला, कारण गाळणी बसवता येते.

‘आम्हाला अडचण माहीतच आहे, आम्ही रोज भोगतो’

भोगणाऱ्याला त्रास नक्की माहीत असतो. कारण माहीत असतंच असं नाही. शाळेसमोर स्पीडब्रेकर मागणाऱ्या पालकांचं उदाहरण घेऊ. शाळा सुटताना अर्धा तास फाटकापाशी वही घेऊन उभं राहावं. मुलं कुठून ओलांडतात? झेब्रा पट्ट्यांवर व्हॅन उभ्या असतील, तर वाहनांचा वेग कमी करून काय होणार? मुलं व्हॅनच्या आडून अचानक पुढे येतात आणि चालकाला ती दिसतच नाहीत. फुटपाथवर विजेचा डीपी बॉक्स असेल, तर मुलं रस्त्यावर उतरूनच चालणार. स्पीडब्रेकर झाला तरी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा राहतील.

अर्ज कसा लिहावा?

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. २००६ मध्ये सुरू झालेला हा चांगला उपक्रम आहे. त्यात कामाचं नाव लिहावंच लागतं. पण सोबत एक पान जोडायला कुणाची हरकत नसते. शाळेच्या उदाहरणात ते पान असं असू शकेल:

‘शाळा दुपारी साडेबाराला सुटते. १२.३० ते १२.५० या वेळेत फाटकासमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर व्हॅन उभ्या असतात. आम्ही तीन दिवस मोजणी केली, तक्ता सोबत जोडला आहे. त्यामुळे मुलं पट्ट्या सोडून वाहनांच्या मधून रस्ता ओलांडतात. फाटकाच्या डाव्या हाताला फुटपाथवर डीपी बॉक्स आहे, तिथे मुलांना रस्त्यावर उतरावं लागतं, फोटो जोडला आहे. मुलांना फाटकापासून बस थांब्यापर्यंत रस्त्यावर न उतरता जाता यावं आणि ओलांडताना ती चालकाला दिसावीत, एवढी आमची अपेक्षा आहे. व्हॅनची जागा बदलणं, डीपी बॉक्स हलवणं किंवा ओलांडण्याची जागा सरकवणं, यातलं काय योग्य ते जागेवर येऊन ठरवावं ही विनंती.’

या पानाची एक प्रत वाहतूक पोलिसांना द्या, एक वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला आणि एक शाळेच्या मुख्याध्यापकांना, कारण व्हॅनची वेळ आणि जागा त्यांच्या हातात आहे आणि त्यासाठी अंदाजपत्रकाची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, आवक क्रमांक वहीत उतरवून ठेवा. काम झालं किंवा नाही झालं तरी तीन महिन्यांनी त्याच वेळेत पुन्हा तीन दिवस मोजणी करा आणि नवा तक्ता जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून पाठवा.